छतापर्यंत टाइल लावली की ओल जाते?

मे महिना लागला की गोव्यातल्या घराघरांत गवंडी येतात आणि व्हॉट्सॲपवर सल्ले येतात. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर एकच मजकूर दोनदा आला. त्याचं सार असं: स्वयंपाकघर नव्यानं करताना भिंतींना थेट छतापर्यंत टाइल लावा, ओल कायमची जाते. खाली जमिनीला चकचकीत व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल घाला, ती पाणी पीत नाही म्हणून सगळ्यात सुरक्षित. टाइलींमध्ये सांधा ठेवू नका, मळ बसतो. आणि ओट्याला कुठलाही नैसर्गिक दगड चालतो, दगडाला काय होतंय!

पहिल्या सल्ल्यावर मी पैसे घालवून बसले आहे. आमचं घर फोंड्याकडचं, जुनं, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतींचं. चिरा पाणी पितो, आणि जुन्या बांधकामात जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं आणि वाट मिळेल तिथून सुकतं. आमच्याकडे इतकी वर्षं ते चुन्याच्या गिलाव्यातून गुपचूप सुकत होतं. आम्ही तो गिलावा खरवडला, सिमेंट मारलं आणि पाच फुटांपर्यंत पांढरी टाइल लावली. दुसऱ्या पावसाळ्यात टाइल जिथं संपते त्याच्या बरोबर वर रंगाचे पोपडे सुटले. नखानं खरवडलं तर खाली मिठासारखा लोणा, म्हणजे पाण्याबरोबर वर आलेले क्षार.

मग छतापर्यंत का नाही लावली, असं कुणी विचारेल. शेजाऱ्यांनी लावली होती. त्यांच्या त्याच भिंतीच्या पलीकडे देवघर आहे, लोणा तिथं फुलला. टाइल पाणी संपवत नाही, फक्त त्याची वाट बदलते.

चुलीच्या आणि सिंकच्या मागं टाइल हवीच. फोडणीचं तेल चुन्यावर उडालं तर डाग जन्मभराचा. पण तो ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतचा दोन-एक फुटांचा पट्टा झाला. बाकी ओलीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुनाच बरा. खरा उपाय तर बाहेर असतो: पन्हळ, भिंतीवर उडणारं पाणी, जोत्यापर्यंत चढलेली माती. आणि मेमध्ये भिंत बघून ठरवू नका, तेव्हा ती कोरडीच दिसते. श्रावणात प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा, दोन दिवसांनी काढा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असले तर ती हवेतली वाफ, तिथं एक्झॉस्ट फॅन लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, हे मात्र जवळजवळ खरं. तिचं पाणी शोषणं 0.5 टक्क्यापेक्षा कमी असतं. पण पाणी न पिणं वेगळं आणि पाय न घसरणं वेगळं. मासळी धुतलेलं पाणी, खोबऱ्याचं तेल आणि अनवाणी पाय एकत्र आले की चकचकीत टाइल म्हणजे शेवाळलेली पायरी. खरबरीत मॅट घ्या. डब्यावर न घसरण्याचा आर 9, आर 10 असा आकडा असेल तर आर 10 किंवा त्यापुढचा. दुकानातून एक टाइल घरी आणून साबणाचं पाणी ओतून, भिंतीला धरून, वर उभं राहून बघितलं तर आकड्याचीही गरज नाही. दुसरी गंमत म्हणजे पाणी पीत नाही म्हणूनच ती नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. टाइल ॲडेसिव्ह वापरलं नाही तर पुढं ठोकल्यावर पोकळ वाजायला लागू शकते.

बिनसांध्याची फरशी? टाइल उन्हाने, उष्णतेने थोडी पसरते. जागा नसली तर एखाद्या दुपारी दोन टाइली तंबूसारख्या उठतात. दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर घालायला सांगा. मळाची भीती असेल तर सांध्यात सिमेंटऐवजी एपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण हळद पीत नाही.

राहिला ओटा. संगमरवर आणि कोटा हे चुन्याच्या जातीचे दगड. आमसूल, चिंच, लिंबू, व्हिनेगर, म्हणजे आपलं अर्धं जेवण, त्यांची झिलई खातं. वरून सीलर मारला तरी आंबटाचा चट्टा पडतोच. ग्रॅनाइटला यातलं काही होत नाही. घ्यायच्या आधी दगडवाल्याकडून तुकडा मागा आणि रात्रभर लिंबाची फोड ठेवा.

म्हापशाच्या माझ्या नणंदेनं गेल्या वर्षी पांढरा संगमरवर घातला. आगळाची, म्हणजे आमसुलाच्या आंबट रसाची, बाटली जिथं ठेवायची तिथं बुडाचा गोल चट्टा उमटलाय, त्यावर ती आता मिक्सर ठेवते. मजकूर ग्रुपवर दुसऱ्यांदा टाकणारी तीच.