हत्यारं आली, पण पांगारा कुठाय?

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी सरकारनं काहीच केलं नाही, असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही. खेळण्यांच्या धंद्यासाठी २०२० नंतर सरकारनं जेवढे निर्णय घेतले, तेवढे त्याआधी मी तरी पाहिले नव्हते. आणि तरीही सावंतवाडीत जिथे ही खेळणी बनतात त्या चितार आळीत लाकडाचा भुसा पडलेली घरं कमी कमी होत चालली आहेत. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं, याचा विचार बरेच दिवस करतोय. जमलं तर शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा आहे.

आधी जे झालं ते सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेलं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्यामुळे रस्त्यावर ढिगानं विकला जाणारा स्वस्त चिनी माल बराच आटला. हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट दिली, तीही योग्यच. २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली, असं सरकारच सांगतं. १७ सप्टेंबर २०२३ ला पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहेत, बाहुल्या आणि खेळणी बनवणारेही आहेत. प्रशिक्षणाचे रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५ हजार, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्ज. सप्टेंबर २०२५ मध्ये खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

यातला एकही निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण निर्यातीची ती वाढ चितार आळीपर्यंत पोचलेली मला दिसली नाही. आयात शुल्क वाढलं की बाजारात जागा मोकळी होते, आणि ती जागा तोच घेतो ज्याच्याकडे त्याच आठवड्यात हजारो नग पाठवायची ताकद असते. म्हणजे साचे आणि यंत्रं असलेला कारखाना. लाकडी आंब्याचा एकेक नग लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, उतरवून, घासून, सुकवून, मग देठाकडची लाली हातानं चढवणारा माणूस तिथे पोचायच्या आत जागा भरलेली असते.

आळीतल्या एका काकांना मी विचारलं, विश्वकर्माचा फायदा झाला का? ते म्हणाले, "हत्यारां गावली रे बाबा, पण लाकूड खंयसून हाडू?" (हत्यारं मिळाली, पण लाकूड कुठून आणू?)

सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. सावंतवाडीची फळं आणि खेळणी पारंपरिकरीत्या पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा हलका, मऊ, कापायला सोपा, आणि नीट सुकवला तर रंगही छान धरतो. सागाला भाव आहे म्हणून साग लावतात, आंब्या-काजूला उत्पन्न आहे म्हणून कलमं लावतात. पांगारा मात्र कोणी मुद्दाम लावत नसे. तो कुंपणाला असायचा, मिरीचा वेल चढवायला असायचा, फांदी खोवली की जगायचा. कुंपणं दगडी आणि तारेची झाली, डोंगरउतारावर काजू आला, दोडामार्गाकडे रबर आणि अननस आला, आणि हे फुकटचं झाड हळूहळू दिसेनासं झालं. लाकूड दुर्मीळ झालं की लांबून आणावं लागतं, म्हणजे भाडं. आणल्यावर महिनोन्महिने सुकवावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस पैसे अडकले. घाई करून ओलंच वापरलं तर पावसाळ्यात खेळण्याला तडा जातो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

कर्जानं हे सुटत नाही. कर्ज घेऊन महागडं लाकूड आणायचं, ते सुकेपर्यंत थांबायचं, आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू. हिशेब कळणारा कोणीही कारागीर या कर्जापासून लांबच राहील, आणि राहतातही.

इथे कोणी लगेच म्हणेल की जंगलतोडीवरचे निर्बंध सैल करा. मी त्याच्या साफ विरोधात आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा वाघ-हत्तींचा मार्ग आहे, तिथल्या वृक्षतोडीवर उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घातली ती उगीच नाही. जंगल राहिलंच पाहिजे. मी बोलतोय ते बांधावरच्या झाडाबद्दल, शेतकऱ्यानं स्वतः लावलेल्या आणि स्वतः तोडायच्या झाडाबद्दल.

हे होऊ शकतं, कारण आपल्याच कोकणात ते एकदा झालंय. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारनं रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना काढली. खड्ड्याचे पैसे, रोपांचे पैसे, पहिल्या वर्षांच्या निगराणीचे पैसे सरकारनं दिले आणि कातळ-वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. आज सिंधुदुर्गात घरटी दोन पैसे येतात त्यात त्या योजनेचा मोठा हात आहे, हे गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. मग त्याच पद्धतीनं बांधावर पांगारा का नाही? सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत इतर झाडांबरोबर पांगाराही वाढवा, लागवडीची मजुरी रोजगार हमीतून द्या, आणि सावंतवाडीत एक छोटा लाकूड डेपो करा, जिथे शेतकऱ्याला रोख भाव मिळेल आणि कारागिराला सुकवलेलं लाकूड किलोवर मिळेल. बांबूसाठी केंद्रानं २०१७ मध्ये कायद्यातली व्याख्या बदलली, जंगलाबाहेरच्या बांबूला झाड म्हणणंच थांबवलं, म्हणजे तोडणी-वाहतुकीची कटकट संपली. एवढी इच्छाशक्ती बांबूला मिळते, तर पांगाऱ्याला एक रोपवाटिका मिळायला हरकत काय?

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. विश्वकर्मा योजनेत एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. आता चितार आळीतलं घर बघा. नवरा लेथवर बसतो, बायको घासकाम करते, अस्तर देते, रंगवते. केळीवरचा तो तपकिरी ठिपका, सीताफळाच्या खवल्यांमधली हिरवी रेघ, ही बहुतेक वेळा तिच्या हातची. खेळण्याकडे बघून आपण "काय हुबेहूब आहे" म्हणतो ते तिच्या कामाला म्हणतो. नोंद मात्र नवऱ्याच्या नावावर होते. प्रशिक्षण त्याला, ओळखपत्र त्याला, कर्ज त्याला. ही अट सुताराच्या किंवा लोहाराच्या घरात कदाचित चालून जाईल, इथे ती अर्ध्या कारागिरांना बाहेर ठेवते. नियमात एक ओळ बदलायची आहे, त्यासाठी तिजोरीला मोठा भार नाही. हे व्हायलाच हवं.

आणि गिऱ्हाईक. महामार्गाचा झाराप-पत्रादेवी रस्ता झाला आणि गोव्याला जाणाऱ्या गाड्या सावंतवाडी शहराबाहेरून सुसाट जाऊ लागल्या. पूर्वी मोती तलावाच्या काठानं जाताना माणूस सहज थांबून पाट, पोळपाट, भातुकली घेऊन जायचा, तो आता थांबत नाही. रस्ता परत शहरातून आणा असं कोणी म्हणणार नाही, वाहतूक सुटली हे चांगलंच झालं. पण जे दुकान वाटसरूंवर चालत होतं त्याला दुसरा आधार द्यायला हवा होता, तो दिला गेला नाही.

तो आधार सरकार स्वतः होऊ शकतं. महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळण्यांतून शिकावं असं म्हटलंय, २०२३ मध्ये केंद्राचा 'जादुई पिटारा' हा खेळण्यांचा आणि शिकायच्या साहित्याचा संच त्यासाठीच आला. मुलांना फळं ओळखायला शिकवायची आहेत, मोजायला शिकवायचं आहे, आणि आमच्या जिल्ह्यात फणसापासून काजूच्या बोंडापर्यंत सगळी फळं लाकडात बनतात. तरी आमच्याच भागातल्या एका अंगणवाडीत मी पाहिलेल्या संचात प्लास्टिकची सफरचंदं आणि स्ट्रॉबेऱ्या होत्या. मुलं स्ट्रॉबेरी दाखवून "कोकम" म्हणत होती.

कारागिरांना अशी मागणी का मिळत नाही, तर टेंडरच्या अटी. वार्षिक उलाढाल इतकी हवी, अनामत इतकी हवी, एकगठ्ठा पुरवठा इतक्या दिवसांत हवा. एकट्या घराला ते कधीच जमणार नाही. राज्यभराची मागणी चितार आळी पुरी करू शकणार नाही हेही मान्य. म्हणून सुरुवात फक्त सिंधुदुर्गातल्या अंगणवाड्यांपासून करा, मागणी वर्षभरात वाटून द्या, आणि तिसरा हिस्सा आगाऊ द्या म्हणजे लाकूड घेता येईल.

आपल्याकडे याचा पुरावा आहे. गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला, जवळजवळ संपली होती, तेव्हा सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती कला शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले आणि त्यांना रोजचं काम दिलं. कौतुक तर आधीही होतं. कला टिकली ती सकाळी येऊन बसायला जागा आणि महिन्याच्या शेवटी पगार मिळाला म्हणून. राजवाड्यानं तेव्हा केलं ते आज जिल्हा परिषद करू शकते, तिच्याकडे त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आहेत आणि दरवर्षी खेळणी विकत घेण्याचं कारणही आहे.

वीस वर्षांचा मुलगा बापाच्या लेथवर बसेल की गोव्यात हॉटेलात नोकरी करेल, हे तो प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बघून ठरवत नाही. पुढच्या सहा महिन्यांचं काम समोर दिसतंय का, एवढंच तो बघतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच बघितलं असतं.

या पोस्टखाली जिल्हा परिषदेतले, वनविभागातले, महिला-बालविकासमधले ओळखीचे लोक टॅग करा. अंगणवाडी साहित्याच्या पुढच्या खरेदीच्या अटी ठरायच्या आत चितार आळीतल्या चार माणसांना, त्यात दोन बायका हव्यात, बोलावून विचारा की किती माल, किती दिवसांत, काय भावानं जमेल. आकडा त्यांना सांगू द्या.