ग्रॅव्ह्यूर म्हणजे झेरॉक्स नव्हे

सांगलीत जुनी चित्रं जमवणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘१९००च्या आसपासच्या लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांचे फोटोग्रॅव्ह्यूर घेऊ नका. ते मासिकातले छापील फोटो, मशीनवर हजारोंनी काढलेले. वर धुकं आणि बर्फ हातानं रंगवलेलं.’ हे वाचून गणपती पेठेतल्या माझ्या मित्रानं पसंत केलेलं चित्र दुकानात परत दिलं, म्हणून लिहितोय.

छापील? हो, छापीलच. पण कसं, ते बघा. वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरलं की ओळीनं ठिपके दिसतात. गडद जागी मोठे, फिकट जागी बारीक, शाई मात्र सगळीकडे सारखी. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये, थोडक्यात ग्रॅव्ह्यूरमध्ये, तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून तापवतात, त्यावर फोटो उतरलेला जिलेटिनचा थर चढवतात आणि फेरिक क्लोराइड या रसायनाला पत्रा खाऊ देतात. जिथं अंधार, तिथं खड्डा खोल आणि शाई जास्त. मी स्वतः एचिंग करतो, म्हणजे पत्रा रसायनानं कोरून त्यावरून छापतो. शाई भरलेला पत्रा शेवटी तळहातानं पुसावा लागतो. हात जरा जड पडला की आभाळ मळतं, जरा जास्त फिरला की सावली फिकी पडते. मग ओलसर कागद आणि प्रेसचा दाब. पत्रा एकदाच कोरायचा, पण प्रत्येक प्रतीसाठी शाई भरण्यापासून पुन्हा सगळं.

ॲल्विन लँग्डन कोबर्न या फोटोग्राफरनं १९०९ मध्ये लंडनची आणि १९१० मध्ये न्यूयॉर्कची वीस-वीस चित्रं काढली, ती याच पद्धतीनं. त्यासाठी तो हे काम शिकला आणि घरीच प्रेस बसवले.

आता ‘मासिकातले’. असे ग्रॅव्ह्यूर ज्यात येत ते, न्यूयॉर्कचा फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याचं ‘कॅमेरा वर्क’, हे मासिक नव्हे, त्रैमासिक. त्यातले बरेच ग्रॅव्ह्यूर पातळ जपानी कागदावर छापून हातानं चिकटवलेले असत. १९०४ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनाला फोटोंचे मूळ प्रिंट वेळेत पोचले नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी हे ग्रॅव्ह्यूर लावले. बहुतेकांना ते मूळच वाटले.

आणि बर्फ? २२ फेब्रुवारी १८९३ला स्टीग्लिट्झ न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर भर हिमवादळात तीन तास उभा होता, समोरून येणाऱ्या घोडागाडीसाठी. नंतर त्यानं चित्राच्या कडा छाटल्या, हे खरं. बर्फ मात्र आभाळातूनच पडला होता.

पुढे पुस्तकांतून निघालेल्या ऑफसेटच्या, म्हणजे ठिपक्यांच्या मशीनछपाईच्या, नकला ग्रॅव्ह्यूर म्हणून खपवतात, तेवढं सांभाळा. मित्राचं चित्र मी काल दुकानात जाऊन भिंगाखाली पाहिलं. एकही ठिपका नाही. दुकानदारानं ते शनिवारपर्यंत बाजूला ठेवलंय.