‘रात्रभर थंडीत बसवून ठेवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय वाचला. पाचपैकी दोन तारे दिलेत. मी आधी वाचला, मग जावेला वाचून दाखवला, कारण स्वयंपाकघर तिच्या हातात आहे आणि जेवणाबद्दलही तुम्ही लिहिलंय. उत्तराला चार दिवस उशीर झाला. सध्या धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू आहे, दिवस कसा उगवतो नि मावळतो कळत नाही. पण घाईघाईत चार ओळी खरडून मोकळं व्हायचं नव्हतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. भाऊ पुण्याहून आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळ आमच्या घरी तीन रात्री राहिले. त्यांची तक्रार अशी: नाटक नऊला सुरू होईल असं सांगितलं आणि पडदा उघडला पावणेबाराला. आई थंडीनं कुडकुडल्या, त्यांची कोणी विचारपूस केली नाही. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा, वारसा म्हणून नेलं आणि मधेच लावण्या नि आचरट विनोद. पहाटे पाचला घरी पोचलो तर साडेपाचला सफारीची जिप्सी दारात. दोन सफाऱ्या करून वाघ नाही. पवनीला नुसती टेकडी बघून परत. जेवणात दोन्ही वेळ भात, सावजी मागितलं तर नाही म्हणाले. आणि शेवटी सूचना, की पर्यटकांसाठी संध्याकाळी दोन तासांचा आटोपशीर प्रयोग ठेवावा.

आधी जिप्सीचं. ती चूक सर्वस्वी माझी. ते नाटक मुळात आदल्या रात्री होतं. गावच्या मंडळानं तारीख एक दिवस पुढे ढकलली, तोवर नागझिरा जंगलाच्या पिटेझरी गेटचं बुकिंग होऊन गेलं होतं. तेव्हाच तुम्हाला फोन करून विचारायला हवं होतं, की दोन्हीपैकी काय ठेवू. ते केलं नाही, ‘जमेल’ म्हणत राहिले. तुमची धाकटी गेटच्या आत शिरल्या शिरल्या आईच्या मांडीवर झोपली, ती बाहेर येईपर्यंत उठली नाही, हे ड्रायव्हरनं मला संध्याकाळी सांगितलं. फार वाईट वाटलं. त्या लेकरासाठीच तर तुम्ही नागझिरा निवडलं होतं.

नऊच्या वेळेचंही तसंच. पोस्टरवर नऊ छापलेलं असतं. पण इथे प्रत्येकाला ठाऊक असतं की जनावरांचं चारापाणी, घरच्यांची आणि आलेल्या पाहुण्यांची जेवणं उरकल्याशिवाय मांडवात कोणी येत नाही. मलाही ठाऊक होतं, तरी मी तुम्हाला पोस्टरच वाचून दाखवलं. त्यात त्या दिवशी कंपनीची गाडी उशिरा आली. ही मंडळी आदल्या रात्री दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत रंगमंचावर उभी होती. सकाळी गाडीतच झोपायचं, दुपारी पुढचं गाव गाठायचं, रात्री पुन्हा तोंडाला रंग. दिवाळीच्या भाऊबीजेपासून उन्हाळा तोंडावर येईपर्यंत त्यांचं असंच चालतं. त्यांना मी दोष देणार नाही.

पण आईंची कोणी विचारपूस केली नाही, असं जे तुम्ही लिहिलंत, ते बरोबर नाही भाऊ. तुम्ही तेव्हा मुलांसाठी चहा आणायला गेला होतात. पुढे तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, सतरंज्या टाकून बायका बसतात, तिथली एक आजी मागे वळून बराच वेळ आईंकडे बघत होती. मग उठली, खुर्च्यांच्या रांगेत आली आणि एक शब्द न बोलता आईंचा हात धरून त्यांना पुढे घेऊन गेली. आपल्या नि सुनेच्या मधे बसवलं. अंगावरची वाकळ सोडवून अर्धी त्यांच्या पायांवर टाकली. तणसाची ऊब खुर्चीत नसते, हे तिला माहीत होतं, मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या अंकात म्हातारी आई मुलाच्या दारातून परत फिरते तिथे दोघी डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. निघताना तिनं आईंच्या पिशवीत ओंजळभर शिंगाडे घातले. आईंना विचारा, त्या सांगतील.

थंडीची पूर्वसूचना द्यायला मात्र मी हवी होते. डिसेंबरात तलावाकाठच्या उघड्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं, स्वेटर पुरत नाही. यापुढे नाटकाला जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर गोधडी आणि कानटोपी आमच्या घरून जाईल. ज्याला अर्ध्यात परतायचं असेल त्याच्यासाठी एक गाडी मांडवाबाहेर उभी राहील.

आता लावणीचं. मुलं शेजारी असताना काही वाक्यांनी तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, ते मी समजते. काही विनोद मलाही आवडत नाहीत, आणि मंडळाच्या पोरांना मी ते तोंडावर सांगते. पण लावणी आली म्हणून ते झाडीपट्टीचं नाटक उरलं नाही, हे मला पटत नाही. इथे आधी दंडार होती, खडी गंमत होती. सुगी हाताशी आली की गावातलीच माणसं रात्र रात्र नाचायची, गायची, सोंगं काढायची. त्यातूनच हे नाटक उभं राहिलं. त्यात नाट्यपदं आली, ऑर्गन आला, पुढे स्त्रियांची कामं स्त्रिया करू लागल्या, हल्ली कीबोर्ड आणि रंगीत दिवे आलेत. दरवर्षी नवी नाटकं लिहिली जातात, कर्जबाजारी शेतकरी, दारू, हुंडा, गावचं राजकारण हे सगळं त्यात येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची दुकानं रांगेनं आहेत, गावोगावची मंडळं तिथे जाऊन नाटक ठरवतात, विसार देतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या चार जिल्ह्यांतली किती घरं यावर चालतात! याच रंगभूमीवर उभं आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले होते. त्यांना कोणी काचेच्या कपाटात जपून ठेवलं नव्हतं, ते लोकांसमोर उभे राहून लोकांना हसवत आले.

म्हणून तुमच्या सूचनेला मी नम्रपणे नाही म्हणते. दोन तासांच्या प्रयोगाचा विचार आम्हीही एकदा केला होता, हे खरं. आवार मोठं आहे, कलाकार येतीलही, त्यांना चार पैसे मिळतील. पण मग समोर कोण बसणार? वीस पाहुणे, हातात मोबाइल. त्या रात्री मांडवात लेकी माहेरी आल्या होत्या, व्याही-विहिणी आल्या होत्या. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी घराघरांत पाहुण्यांच्या पंगती उठतात, मुलीला बघायला आलेली माणसंही रात्री नाटकालाच नेऊन बसवतात. दुपारी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला तर बैलजोड्यांवर सगळ्यांचा घसा बसलेला असतो आणि तशाच घशानं ते नाटकातल्या खलनायकाला शिव्या घालतात. तिकिटाचा हिशेब मंडळाची पोरं दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर बसून करतात. ते नाटक तुमच्यासाठी लावलेलं नव्हतं भाऊ. गावानं स्वतःसाठी लावलं होतं, आणि आपण तिथे पाहुणे होतो. हे निघायच्या आधी, घरी पडवीत बसून, तुम्हाला नीट सांगायचं काम माझं होतं. मी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ एवढंच छापून ठेवलं. ते शब्द मी आजच आमच्या माहितीतून काढून टाकलेत.

वाघाबद्दल. नागझिऱ्यात ताडोबासारखा वाघ दिसत नाही, हे मी बुकिंगच्या वेळी फोनवर बोलले होते, पण लेखी दिलं नव्हतं. आता देते. १९७० पासून अभयारण्य असलेलं हे जंगल २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. जंगल उत्तम आहे, पण वाघ थोडे. म्हणूनच मे २०२३ मध्ये वनविभागानं ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. तिकडे वाघांना जागा पुरत नाही, इकडे जागा आहे. वाघच बघायचा असेल तर ताडोबाला जावं, हे मी गिऱ्हाईक गमावूनही सांगेन. तुमच्या मोठ्याला दुसऱ्या सफारीत रानकुत्र्यांची टोळी दिसली, त्यानं आल्या आल्या जावेला त्यांची शिट्टी वाजवून दाखवली होती. अभिप्रायात तिचा उल्लेख नाही, म्हणून मी करते.

पवनीचं तुमचं म्हणणं रास्त आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तिथे प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख कोरलेले दगडी कठड्याचे खांब सापडले. पण सोबत सांगणारं कोणी नसेल तर माणसाला टेकडीच दिसणार. ड्रायव्हर बिचारा काय सांगणार? पवनीतल्याच एका निवृत्त शिक्षकांशी बोलणं केलंय, ते पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांबरोबर टेकडीवर आणि किल्ल्याच्या दरवाज्यापाशी येतील.

राहिलं जेवण. जावेनं एवढंच सांगायला लावलंय की पोळी मागितल्यावर तिनं लगेच लाटली होती. ते तुम्हीही लिहिलंय. सावजी ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची चव, तिथे जाऊन खावी अशीच आहे. आमच्याकडे सावजी मसाला डब्यात आणून ठेवला तर तो खोटेपणा होईल. आमचा हा धानपट्टा. इथे माणूस सकाळी शिळा भात खाऊन बांधीत उतरतो आणि रात्री ऊन भात खाऊन झोपतो. तुमच्या ताटात जो भात होता तो मागच्या दाराशी दिसणाऱ्या बांधीतला, वांगी परसातली, कोचईच्या (अळूच्या) पानांच्या वड्या जावेच्या हातच्या, जवसाची चटणी पाट्यावरची. दुसऱ्या दिवशीची मरळ आमच्या बोडीतली (शेततळ्यातली) नव्हती, ती गावच्या मामा तलावातली. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. मालगुजारी गेली, सात दशकं उलटली, पण आमची शेतं अजून त्याच पाण्यावर आहेत. ढीवर बांधव त्यातच मासे धरतात आणि हिवाळ्यात शिंगाडे काढतात. आईंच्या पिशवीतले शिंगाडेही अशाच एका तलावातले होते. कोहळी समाजाच्या लोकांनी असे तलाव भंडारा-गोंदिया या दोन जिल्ह्यांत शेकड्यांनी बांधले, नवेगावबांध त्यातला सगळ्यात मोठा, कोलू पाटील कोहळीचा. तो आपल्या यादीत होता, पण रात्रीच्या जागरणामुळे तुम्ही गेला नाहीत. मला विचाराल तर आमच्या भागात पहिल्यांदा तोच बघावा, पवनीच्याही आधी. सकाळी सात वाजता पाळीवर उभं राहिलं की समोर डोंगर, पाण्यावर धुकं आणि बदकांचा कलकलाट असतो. त्याच्याबद्दल मी तुम्हाला चार शब्द जास्त सांगायला हवे होते. तेही राहिलं.

एवढ्या चुका मान्य केल्यावर पैशांचं बोलते. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या सफारीत जिप्सी, गाइड आणि प्रवेशशुल्क असं जे काही तुम्ही भरलं, ते सगळं मी माझ्याकडून परत करते आहे. वनविभागाकडून ते परत मिळत नाही, पण तो माझा प्रश्न. पवनीच्या गाडीचं निम्मं भाडंही त्यात धरलंय. रक्कम आज दुपारी ज्या खात्यातून आली होती त्याच खात्यात पाठवली आहे. मिळाली की कळवा. अभिप्राय बदलावा अशी माझी काही अट नाही, तो राहू द्या.

आणि एक. आईंची चष्म्याची डबी पलंगामागे सापडली, मरून रंगाची, आत पुसायचा कपडा आहे. पत्ता कळवलात की दुसऱ्या दिवशी साकोलीहून टाकते. जावेनं डबीबरोबर जवसाची चटणी बांधून ठेवली आहे, आईंनी मागितली होती म्हणे.