मनुका नव्हे, मानुका

न्यूझीलंडला नव्याने आलेल्या मराठी माणसाची इथल्या लाकडाशी पहिली चकमक फोनवर होते. "मटण मानुकाच्या धुरावर केलंय" असं सांगितलं की पलीकडून आई म्हणते, "मनुक्याला कसलं रे लाकूड? द्राक्षाचा वेल असतो तो!" त्यात आईचं काही चुकत नाही. पुढे 'तावा' नावाचं झाड भेटतं, त्यावर भाकरी होत नाही. 'पुरीरी' भेटतं, ते तळता येत नाही. इथे येऊन मांसाला धुरी द्यायची हौस ज्याला लागली, त्याने आधी बाराखडीपासून सुरुवात करायची.

गावाकडे लाकूड कुणी निवडत नसतं. मटणाला बाभळीचा जाळ, दुधाला गोवरीची धग, शेवग्याचं सरपण कशालाच नाही, आणि रायगडात थंडी पडली की पोपटीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला. हे कुठे लिहिलेलं नसतं. चुकलं की आजी बोलते, तेवढा अभ्यासक्रम पुरतो. परदेशात आजी नाही आणि बाभूळही नाही. बाभळीचे चार तुकडे बॅगेत टाकून आणावेत असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जाहीर न केलेलं लाकूड विमानतळावर सापडलं की जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. तेवढ्यात कोकराचे कितीतरी खांदे येतील.

तेव्हा अनोळखी झाडाला विचारायचा पहिला प्रश्न आपल्याला चांगलाच ठाऊक असलेला: तुमचं कूळ कोणतं?

सूचिपर्णी कूळ निघालं की चहासुद्धा न घेता उठायचं. पाइन आणि मॅक्रोकार्पा तर जातातच, पण रीमू, तोतारा, काहिकातेआ, कौरी ही इथली मानाची देशी झाडंही त्यातच मोडतात. यातल्या बहुतेकांत राळ असते. ती जळताना काजळी धरते आणि कोंबडी टर्पेंटाइनमध्ये बुडवल्यासारखी लागते. मोह होतो तो रीमूचा. जुनं घर पाडलं की त्याच्या लालसर, गुळगुळीत फळ्या फुकटात मिळतात. पण एक तर ते सूचिपर्णी, शिवाय जुन्या घराच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता. त्या फळीचं देवघर करावं, सरपण नाही.

दुसरं कूळ आपलं सोयरं आहे. मानुका, कानुका आणि पोहुतुकावा ही तिन्ही जांभळाच्या कुळातली. पेरू आणि लवंगही त्याच घरातले. परसातल्या कुंपणाला जो फिजोआ असतो तोही पेरूचा चुलतभाऊ. हे कळलं की परकेपणा निम्मा कमी होतो. पण नातं कळलं म्हणून लगेच गळ्यात पडू नये, कारण निलगिरीही याच कुळातली. इथे तिला 'गम' म्हणतात आणि सरपण म्हणून ती सर्रास विकतात. तिच्या काही जातींच्या धुरात सर्दीवर वाफ घेतल्याचा भास होतो. पडसं झालेल्या पाहुण्यासाठी ठीक आहे.

मानुका कठीण, जड आणि कडक स्वभावाचा. धूर गोडसर, पण जोरकस. अमेरिकेत धुरीला वापरतात त्या हिकरी लाकडाच्या हिशेबाने घातला तर मांसाचं औषध होतं. जेवढं लाकूड मनात येईल त्याच्या निम्मं घ्यावं. पानं तर अजिबात नकोत. त्यात तेल असतं, आणि ती चहासाठी आहेत: कॅप्टन कुकच्या खलाशांनी त्यांचा काढा करून प्याला होता, त्यावरूनच झाडाला 'टी ट्री' नाव पडलं. पोहुतुकावाचा धूर मासळीला छान. मात्र किनाऱ्यावरची ही झाडं बहुतेक ठिकाणी संरक्षित असतात, तेव्हा कुणाच्या खासगी आवारात वादळाने पडलेली फांदी विचारून घ्यावी. लाटांनी वाहून आलेला ओंडका कितीही देखणा असला तरी नको. त्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं, आणि त्या मिठातल्या क्लोरीनपासून जळताना विषारी संयुगं तयार होतात. आयतं खारवलेलं लाकूड म्हणून खूश होऊ नये. आणखी एक पथ्य: 2017 मध्ये मर्टल रस्ट नावाचा बुरशीरोग या देशात शिरला, आणि तो नेमका याच कुळाच्या मुळावर उठला आहे. त्यामुळे हिरव्या फांद्या गाडीत घालून गावभर फिरवू नयेत.

पुरीरी हा आपल्या निर्गुडीचा सख्खा नातलग, लाकूड लोखंडासारखं. पूर्वीपासून त्याचे कुंपणाचे खांब करत आले आहेत. माझ्या मते त्याला त्याच नोकरीत राहू द्यावं. ब्लॅक वॉटल मात्र बाभळीच्या गोतातला, सगळीकडे माजलेला, त्यामुळे तोडला तर कुणी रडत नाही. साल टॅनिनने भरलेली असते, ती सोलून घ्यायची. उरलेलं लाकूड गावची आठवण करून देतं.

सफरचंद, प्लम, चेरी, पेअर यांच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. भिडस्त माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

काही कुळांशी मात्र सोयरीक म्हणजे थेट दवाखाना. कण्हेर इथेही बागेत असते आणि इथेही तेवढीच विषारी. तुतू हे देशी झुडूप मुळापासून शेंड्यापर्यंत विषारी. आणि ऱ्हस नावाचं, शरद ऋतूत लालभडक होणारं शोभेचं झाड म्हणजे बिब्ब्याच्या घरातलं. बिब्बा उतलेला ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. हे जळताना धूर नाकातोंडात गेला तर तो आत उततो.

पण झाडापेक्षा घातक ती वखारीतली फळी. इथलं घरबांधणीचं बरंचसं लाकूड रेडियाटा पाइन, आणि कुंपणाचं, डेकचं, खांबांचं लाकूड अनेकदा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक पाजलेलं. त्यावर एच 3.2, एच 4 असे शिक्के असतात, नव्या फळीला हिरवट झाक दिसते. पावसापाण्याने झाक उडते, आर्सेनिक उडत नाही. ते जळताना धुरात येतं, उरलेलं राखेत राहतं. भुशाचंही तसंच. साखळी-करवतीखालचा भुसा गोळा करावासा वाटतो, पण त्यात साखळीचं वंगण मिसळलेलं असतं. प्लायवुड आणि एमडीएफच्या भुशात डिंक. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मानुकाच्या भुशाची पिशवी मिळते, ती घ्यावी आणि काटकसर दुसरीकडे करावी.

कूळ जुळलं की ओल बघायची. 'जिथे धूर तिथे अग्नी' एवढंच आपण पाठ करतो. नैयायिकांनी त्याच्या पुढची खोच केव्हाच मारून ठेवली आहे: अग्नी असला म्हणून धूर असेलच असं नाही, त्याला ओल्या इंधनाची जोड लागते. आर्द्रेन्धनसंयोग. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. त्यांना कोकराचा खांदा शिजवायचा नसल्यामुळे ते तिथेच थांबले. ओल्या लाकडाची उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते, लाकूड अर्धवट जळतं, दाट पांढरा धूर सुटतो आणि त्यातलं कडू डांबर मांसावर बसतं. पहिल्या घासाला जीभ बधिर होते. पाहुणे "वेगळंच लागतंय" म्हणतात.

आपल्याला हवा तो पातळ, निळसर, दिसतो-न-दिसतोसा धूर. त्यासाठी लाकडात ओल 15 ते 20 टक्के असावी. ओल मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं, पण त्याचे काटे नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूला टोचायचे. बाहेरून टोचलं तर ते तुमच्या मनासारखं बोलतं. यंत्र नसेल तर एक खांड दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावं, वजन घटायचं थांबलं की वाळलं. दोन खांडं एकमेकांवर आपटली की 'टण' वाजायला हवं, 'धप्प' नाही. फोडून, पावसापासून आडोशाला रचलेल्या कठीण लाकडाला वर्ष तरी लागतं. ढलप्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात असा सल्ला जागोजाग मिळतो. पाणी वरच्या वरच राहतं, आणि तेवढा वेळ तुम्ही धूर समजून वाफ बघत बसता.

नवं लाकूड थेट महागड्या मांसावर आजमावू नये. दोन पेटते निखारे घ्या, त्यावर सुपारीएवढी ढलपी ठेवा आणि वास घ्या. डोळे चुरचुरले, घसा धरला, तर ते झाड शेकोटीचं. वास बरा वाटला तर सोललेलं उकडलेलं अंडं वीस मिनिटं धुरात ठेवा. सोनेरी झालं तर पास, काळपट आणि चिकट झालं तर नापास. वाया गेलं तर एक अंडं.

मग खरा घाट. अडीच किलोचा कोकराचा खांदा असेल तर स्मोकरचं, म्हणजे धुरी द्यायच्या झाकणाच्या शेगडीचं, तापमान 110 ते 120 अंश सेल्सिअस. कोळसा पूर्ण फुलल्यावर त्यावर लिंबाएवढे मानुकाचे दोन तुकडे, सफरचंद असेल तर मुठीएवढे तीन. मांस फ्रिजमधून काढून थंडच ठेवायचं, कारण गार, ओलसर पृष्ठभागाला धूर जास्त धरतो. पहिले दोन-तीन तासच धुराचे, पुढचे सगळे नुसत्या उष्णतेचे. आतलं तापमान 70 अंशांच्या आसपास येऊन हटून बसतं, तासन्‌तास हलत नाही. मांसातून पाणी सुटून वाफ होत असते, तीच त्याला गार ठेवते. इथे माणसं धीर सोडून आणखी लाकूड कोंबतात, आणि सकाळपासूनची मेहनत दुपारी कडू होते. 93 अंशांना हाड हाताने सुटून येतं. मध्ये झाकण उघडून बघायची खाज आवरावी. दर उघडण्यागणिक जेवण लांबतं.

काहावाई मासळी घाईच्या माणसासाठी. मध्ये चिरून पुस्तकासारखी उघडायची, एक भाग मीठ आणि दोन भाग ब्राऊन शुगर चोळून तासभर ठेवायची, पुसून वाऱ्यावर बोटाला किंचित चिकटेल इतकी सुकवायची. पत्र्याच्या छोट्या स्मोकरमध्ये मूठभर भुसा, खाली स्पिरिटचा दिवा, आणि वीस मिनिटांत काम फत्ते. फक्त वाऱ्याची दिशा पाहून बसावं, नाहीतर पुढचे चार दिवस ऑफिसात तुमच्या आधी तुमचं जॅकेट पोचतं.

राख चार-पाच दिवस आतून धगधगती राहू शकते, ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यातच टाकावी.

एवढं सगळं करून खांदा ताटात आला की मराठी घरात कुणीतरी हमखास विचारतं, "याचा रस्सा करायचा का?" आणि डबा उघडतो. दोन चमचे कांदा-लसूण मसाला पडला की मानुका, फिजोआ, सफरचंद, सगळे एकाच जातीचे लागतात. म्हणून पहिलं वाढप मीठ-मिरीवर होऊ द्यावं. रस्सा दुसऱ्या दिवशी, हाडांचा.