उबदार हवा आणि गार पाय: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओस्लोतल्या नव्या ऑफिसांमध्ये खिडकीखालचे रेडिएटर न लावता व्हेंटिलेशनच्या हवेनेच ऊब देता येते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही अशा ऑफिसात दोन हिवाळे काढलेत. ही बिल्डरचे पैसे वाचवायची युक्ती आहे, गरम हवा वर जाते नि पाय गारठतात, घसा कोरडा पडतो, आणि उष्णता वाहून न्यायला पाण्याला तोड नाही, असं तुमचं म्हणणं. अनुभवातून लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देते.

पाण्याचं म्हणणं सोळा आणे खरं. एक लिटर पाणी जेवढी उष्णता नेतं, तेवढी न्यायला साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा लागते. नुसत्या ऊबेसाठी कुणी पंखे फिरवत असेल तर मीही विरोध करीन. पण ताजी हवा तशीही द्यावीच लागते. तीच थोडी जास्त गरम करून सोडली तर भागेल का, एवढाच प्रश्न आहे. तो बिल्डरने काढलेला नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांच्या पॅसिव्ह हाउसचा, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या इमारतींचा, दर चौरस मीटरला जास्तीत जास्त १० वॅट उष्णतेचा निकष याच हिशेबातून आला.

एक खोली घेऊ. १२ चौरस मीटरची, एका माणसाची. बाहेर उणे २०, आत २१. तिहेरी काचेच्या साडेतीन चौरस मीटर खिडकीतून ११५ वॅट जातात, भिंतीतून ३०, फटींतून थोडे. सगळे मिळून १६०. माणूस, लॅपटॉप आणि दिवे जवळपास तेवढी उष्णता देतात. खोली रिकामी असली तरी ताशी ६० घनमीटर हवा २९ अंशांवर सोडली की काम होतं. हीच खोली जुन्या दुहेरी काचेची आणि पातळ भिंतीची असती, तर तीच हवा ४५ अंशांपुढे तापवावी लागली असती. तिथे तुमचा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. रेडिएटर खिडकीखाली असायचा तोही काचेमुळेच. असल्या थंडीत जुन्या काचेची आतली बाजू ६ अंशांवर येते आणि तिच्यावरून गार हवा थेट पायांवर उतरते. नव्या काचेला १६-१७ अंश असतात.

मग तुमचे पाय का गारठले? गेल्या जानेवारीत एका इमारतीत अशाच तक्रारीवरून गेले होते. सोमवारी सकाळी, कोपऱ्यातल्या खोलीत. डिफ्युझरपाशी, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या तोंडापाशी, धुराची कांडी धरली. धूर छताला चिकटून सरळ पलीकडच्या जाळीकडे गेला आणि बाहेर पडला, टेबलापर्यंत आलाच नाही. खोलीत कुणी नव्हतं म्हणून सेन्सरने डॅम्पर, म्हणजे हवेच्या नळीतली झडप, जवळजवळ मिटलेला, हवेला जोरच नव्हता. घोट्याशी थर्मामीटर धरला तर १८, बसलेल्या माणसाच्या डोक्याशी २२. हा फरक ३ अंशांच्या आत असावा, असं आम्ही धरतो.

खरं दुखणं इथेच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ते नाही. गरजेनुसार हवा देणारी यंत्रणा माणसं मोजते, थंडी मोजत नाही. मीटिंग रूममध्ये बारा जण बसले की तिथे जास्त हवा जाते, आणि सगळ्यांना एकाच तापमानाची हवा असेल तर ती गरमच जाते. तिथे लोक स्वेटर काढतात. दोन बाजूंनी थंडी लागणाऱ्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खोलीला मात्र सगळ्यात कमी हवा. त्यावर उपाय आहेत: कमी हवेतही झोत टिकवणारे, आपली फट आपणच लहानमोठी करणारे डिफ्युझर, कोपऱ्यासाठी हवा तापवणारी वेगळी हीटिंग कॉइल, आणि रात्री बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवणं. पैसे वाचवायला हेच गाळतात, आणि त्याबद्दलचा तुमचा राग मला पटतो.

घशाचं कारण वेगळं आहे. उणे १५ च्या हवेत घनमीटरला दीड ग्रॅमही बाष्प मावत नाही. ती २१ अंशांवर आणली की आर्द्रता आठ टक्क्यांच्या खाली जाते. रेडिएटर असता तरी ती इतकीच कोरडी असती. मात्र ऊबेसाठी गरजेपेक्षा जास्त ताजी हवा आत घेतली, तर कोरडेपणा वाढतो. तुमच्याकडे तसं होत असण्याची शक्यता आहे.

‘रेडिएटर आता इतिहासजमा’ हे माझं वाक्य मी मागे घेते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे: कोपऱ्याच्या खोल्या सोडून.

तुमच्या देखभालवाल्यांना दोनच गोष्टी विचारा. सोमवारी पहाटे यंत्रणा किती वाजता सुरू होते, आणि तुमच्या खोलीचा डॅम्पर तेव्हा किती उघडा असतो. डॅम्पर मिटलेला निघाला तर तो त्या वेळापुरता उघडून घ्या. तेवढ्याने नाही भागलं, तर खिडकीखाली ३०० वॅटचा एक लहान हीटर मागा, आणि पुढच्या थंडीत काय झालं ते मला नक्की कळवा.