फ्लॅशर गेला असेल!

जुन्या गाडीचा इंडिकेटर बिघडला की पुण्यात निदान फुकट मिळतं. पार्किंगमध्ये बॉनेट उघडायचा अवकाश, गॅलरीत कपडे वाळत घालणारे काका वरूनच निकाल देतात, "फ्लॅशर गेला असेल." (फ्लॅशर म्हणजे इंडिकेटरला मिचकवायला लावणारी छोटी डबी.) वॉचमन तेच म्हणतो. दूधवाल्याचंही तेच मत. मग माणूस नाना पेठ गाठतो, नवा फ्लॅशर आणतो, बसवतो. आणि इंडिकेटर होता तसाच. माझ्या मते (कोणी विचारलेलं नाही, पण इथे त्याची अट नसते) फ्लॅशर या प्रकरणात बहुतेक वेळा साक्षीदार असतो. लोक उगाच त्याला आत टाकतात.

साक्ष ऐकायची तर आधी कान द्या. धडधाकट इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतो. डावीकडे संथ टिकटिक आणि उजवीकडे एकदम दुप्पट घाई, म्हणजे उजवीकडचा बल्ब गेला. हिशोब सोपा आहे. पुढे २१ वॅट, मागे २१, फेंडरवरचा, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावरचा, छोटा ५. एकूण ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला जवळजवळ चार अँपिअर. एक मोठा बल्ब गेला की हे सव्वादोनच्या आत येतं. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ते लगेच कळतं आणि तो बोंब ठोकतो. बोंब ठोकणाऱ्यालाच बदलायचं, हा कुठला न्याय? फियाटच्या जमान्यातल्या फ्लॅशरची तऱ्हा उलटी. त्यात दोन धातूंची पट्टी; करंटने तापली की वाकणार, निवली की सरळ होणार. बल्ब गेला की करंट कमी, पट्टी पुरेशी तापत नाही, मग टिकटिक मंदावते नाहीतर दिवा लागून तसाच राहतो. तेव्हा काकांचा अनुभव खराच असतो, फक्त तो त्यांच्या गाडीचा असतो.

कुठला बल्ब गेलाय हे बघायला मागे माणूस उभा करू नका. तो फोनवर बोलता बोलता "हां हां, लागतोय" म्हणतो. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा. भिंतीवरचा पिवळा उजेड आरशात दिसतो. मग गाडीचं तोंड भिंतीकडे करा, पुढचेही कळतात.

बल्ब आत दाबून डावीकडे थोडा फिरवला की निघतो. निघत नसेल तर फडक्यात धरा. काच हातात आणि पितळी बूड होल्डरमध्ये, हा प्रसंग जुन्या गाडीत ठरलेला. आतली तार शाबूत दिसली तरी मल्टीमीटर लावा. चांगला २१ वॅटचा बल्ब थंड असताना एक ओहमच्या आतच दाखवतो. पांढऱ्या काचेच्या इंडिकेटरला पिवळा बल्ब लागतो आणि त्याच्या दोन खुंट्या बरोबर समोरासमोर नसतात. साध्या होल्डरमध्ये तो बसेना म्हणून खुंटी कानशीने घासणारे कलाकार आहेत. साध्या बल्बला नेलपॉलिश फासणारेही आहेत. पंधरा वर्षांनी फेरनोंदणीच्या वेळी आरटीओत दोघांची भेट होते.

आता खरा गुन्हेगार. नवा बल्ब घालूनही उजेड मिणमिणता, टेललॅम्प इंडिकेटरच्या तालावर नाचतोय, ब्रेक दाबला की भलताच दिवा लागतोय, ही सगळी भुताटकी अर्थिंगची. मागच्या एका बाजूच्या सगळ्या बल्बना मिळून परतीची वायर बहुधा एकच असते, बहुतेक गाड्यांत काळी, डिकीत पत्र्याला एका स्क्रूने आवळलेली. लाइटमागचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी बिनदिक्कत आत उतरतं, स्क्रूखाली गंज चढतो आणि तिथला रस्ता बंद. लक्ष्मी रस्ता बंद झाला की गाड्या जशा शेजारच्या बोळात उलट्या घुसतात, तसा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. खात्री करायला चार-पाच मीटर वायर घ्या. एक टोक त्या काळ्या वायरच्या टोकाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. उजेड झटकन वाढला तर चोर सापडला. स्क्रू काढा, पत्रा आणि वायरचं टर्मिनल चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग स्क्रू नव्हे. कळकलेला होल्डर असेल तर तोच कागद पेन्सिलीला गुंडाळून आत फिरवा. तेव्हा चावी मात्र बंद.

दोन्हीकडचे इंडिकेटर मेले असतील तर आधी हॅझर्डचं, म्हणजे सगळे इंडिकेटर एकदम लावणारं, बटण दाबा. हॅझर्ड लागले म्हणजे फ्लॅशर सुटला, कारण बहुतेक गाड्यांत दोघांना फ्लॅशर एकच असतो. मग फ्यूज बघा. बदलायचा तर तेवढ्याच अँपिअरचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. फ्यूज ठीक असेल तर हॅझर्डचं बटण वीसेकदा दाबा-सोडा. आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, घासून साफ होतात आणि इंडिकेटर निर्लज्जासारखा चालू होतो. हॅझर्डही मेलेलेच असतील तर फ्लॅशर उपटून त्याच्या सॉकेटमधल्या 'बी' आणि 'एल' या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. 'ई'ला हात लावायचा नाही, ती अर्थ, फ्यूज उडेल. चावी चालू करून स्टिअरिंगजवळची इंडिकेटरची दांडी हलवा. दिवे न मिचकावता नुसते लागले, तर काका जिंकले. न्या पेढे.

एलईडीवाल्यांचं दुःख वेगळं. एलईडी इतका कमी करंट घेतो की फ्लॅशरला वाटतं बल्बच गेला, आणि टिकटिक सुसाट. उपाय म्हणून ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर बल्बला समांतर जोडतात. इंडिकेटर लागला की तो २४ वॅट नुसता तापतो. वीज वाचवायला एलईडी आणि वाचलेली वीज जाळायला रेझिस्टर! तो पत्र्यालाच बसवा, प्लॅस्टिकला टेकला तर वितळवेल. त्यापेक्षा एलईडीवर चालणारा फ्लॅशर घ्यावा. इथे मात्र फ्लॅशर बदलणं शहाणपणाचं.

राहिली दांडी. स्टिअरिंग सरळ झाल्यावर तिने आपोआप मागे यायचं असतं. आतला प्लॅस्टिकचा खटका तुटला की येत नाही. नुसता खटका सहसा मिळत नाही, दुकानदार दांडीसकट अख्खा कॉम्बिनेशन स्विच पुढ्यात ठेवतो. तो घ्यायचा नसेल तर स्टिरिओचा आवाज टिकटिक ऐकू येईल इतका कमी ठेवा. नाहीतर कोथरूडला एकदा वळलेली गाडी वारज्यापर्यंत वळतच राहते, आणि सिग्नलला शेजारी येऊन थांबलेला स्कूटरवाला काच वाजवून विचारतो, "काका, वळताय की नुसतं कळवताय?"