मिथेनचा ‘बॉम्ब’ आणि पर्माफ्रॉस्टमधील सरोवरे : एक प्रतिवाद

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यासोबत बहुधा एक चित्रफीत असते : गोठलेल्या सरोवरावरच्या बर्फाला कोणीतरी भोक पाडतो, काडी ओढतो आणि क्षणात माणसाच्या उंचीची ज्वाळा भडकते. मजकुराचा आशय असा असतो, की सायबेरिया आणि अलास्का येथील कायम गोठलेल्या जमिनीखाली, म्हणजे पर्माफ्रॉस्टखाली, हजारो वर्षे मिथेन कोंडलेला आहे. बर्फ वितळून तयार झालेल्या सरोवरांतून हा प्राचीन वायू आता सुटू लागला आहे. तिथे वातावरणातल्या कार्बनच्या दुप्पट कार्बन आहे आणि मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट घातक आहे. सरोवरे वाढतच जाणार आहेत. सबब हा बॉम्ब काही वर्षांत फुटेल आणि उत्सर्जन कमी करण्याला आता काही अर्थ उरलेला नाही. यातली चित्रफीत खरी आहे आणि दोन्ही आकडेही ढोबळमानाने बरोबर आहेत. हे सारे ज्या रीतीने एकमेकांना जोडले आहे, तिथे मात्र जवळजवळ प्रत्येक सांधा निसटलेला आहे.

पहिला मुद्दा कोंडलेल्या वायूचा. पर्माफ्रॉस्टमध्ये साठलेला कार्बन प्रामुख्याने वायूच्या रूपात नाही. तो गवताची मुळे, पाने, शेवाळ आणि प्राण्यांचे अवशेष यांच्या अर्धवट कुजलेल्या रूपात आहे. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली माती थरावर थर साचत गेली आणि गोठत गेली. सायबेरियात या थरांना येडोमा म्हणतात. त्यांच्या आकारमानाचा अर्ध्याहून अधिक भाग कित्येक ठिकाणी निव्वळ बर्फाचा असतो. तो वितळला की जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचते आणि थर्मोकार्स्ट सरोवर तयार होते. पाणी पुरेसे खोल असले, तर हिवाळ्यात वरचा बर्फ तळापर्यंत पोहोचत नाही, आणि गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असल्यामुळे तळाशी शून्याच्या वरचे पाणी वर्षभर टिकून राहते. त्यामुळे सरोवराखालची जमीन हिवाळ्यातही वितळत राहते. या वितळलेल्या थराला टॅलिक म्हणतात. तिथल्या गाळात सूक्ष्मजीवांचे काही गट सेल्युलोजसारखे मोठे रेणू फोडतात, काही त्यांचे किण्वन करून ॲसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, आणि ऑक्सिजनबरोबरच नायट्रेट, लोह, सल्फेट यांचाही साठा संपलेला असतो तिथे मिथेनजनक आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) या पदार्थांपासून मिथेन बनवतात. सरोवरातून येणारा वायू हा बहुतांशी अशा चालू विघटनाचे उत्पादन आहे. वायव्य अलास्कातल्या इसी सरोवरासारखे अपवाद आहेत. तिथे खोल भूगर्भातला वायू खरोखरच वर येतो. मात्र अशा अपवादावरून नियम बांधता येत नाही.

हा भेद वरवरचा नाही. कोंडलेला वायू झाकण उघडताच निसटला असता. विघटनाला मात्र तापमान, पाणी, सूक्ष्मजीवांचा समुदाय आणि वेळ लागतो. त्यामुळे ‘काही वर्षांत’ या शब्दांचा हिशेब मागणे भाग आहे. सायबेरियातल्या लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशातून आणलेले नमुने संशोधकांनी ४ अंश तापमानाला बंद बाटल्यांत सात वर्षांहून अधिक काळ ठेवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक नमुन्यांत सुरुवातीला मिथेन जवळजवळ तयारच होत नव्हता, कारण मिथेनजनकांचा सक्रिय समुदाय तिथे नव्हता आणि तो रुजायला वर्षे लागली. तो एकदा रुजल्यावर मात्र ऑक्सिजनविरहित बाटल्यांत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास समप्रमाणात निघू लागले. या मोजणीवरून काढलेला अंदाज असा, की वितळलेल्या प्रत्येक किलोग्रॅम कार्बनमागे २१०० पर्यंत ऑक्सिजनयुक्त मातीतून सरासरी ११३ ग्रॅम कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात, बाहेर पडेल. हे मूळ साठ्याच्या साधारण अकरा टक्के झाले. पाणथळ, ऑक्सिजनविरहित मातीतून निघणारा कार्बन याहूनही कमी असतो. तरीही मिथेन जमेस धरल्यावर तापमानवाढीवरचा तिचा परिणाम २४१ ग्रॅम कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात, सोडल्याइतका, म्हणजे दुपटीहून अधिक ठरतो. सगळा साठा बघता बघता मिथेन होईल, या दाव्याला हा प्रयोग जसा छेद देतो, तसाच ‘कार्बन थोडाच निघतो, मग चिंता कसली’ या उलट बाजूच्या ढिलाईलाही देतो. तो फिरता मजकूर लिहिणाऱ्यांनी हे निष्कर्ष वाचले असते, तर त्यांना बॉम्बपेक्षा अधिक गंभीर आणि अधिक खरे असे काही लिहिता आले असते.

दुप्पट कार्बन आणि ऐंशीपट घातकता यांचा गुणाकार याच कारणाने टिकत नाही. उत्तरेकडील पर्माफ्रॉस्टमध्ये अंदाजे १,४६० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. त्याचा फार मोठा भाग अजून गोठलेला आहे, वितळलेल्यापैकी थोडाच भाग कुजतो, आणि कुजणाऱ्यापैकी काहीच अंश मिथेन होतो. ऐंशीपट हा आकडाही वीस वर्षांच्या मुदतीचा आहे. शंभर वर्षांची मुदत धरली, तर तो ३० च्या आत येतो, कारण वातावरणात मिथेन साधारण एक दशकच टिकतो. शिवाय तयार झालेला सगळा मिथेन वातावरणात पोहोचत नाही. गाळाच्या पृष्ठभागावर आणि पाण्यात मिथेनभक्षी जिवाणू असतात आणि विरघळलेल्या मिथेनचा मोठा हिस्सा ते ऑक्सिजनच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतात. त्यांच्या तावडीतून सुटतात ते बुडबुडे, कारण ते काही क्षणांत पृष्ठभागावर येतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्या, पारदर्शक बर्फातून खाली पाहिले, तर हे बुडबुडे थाळ्या एकावर एक रचल्यासारखे गोठलेले दिसतात. जिथे प्रवाह जोरदार असतो, तिथे बर्फ धरतच नाही. उत्तर सायबेरियातील येडोमा सरोवरांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९५ टक्के मिथेन बुडबुड्यांवाटेच बाहेर पडत असल्याचे आढळले. त्या सरोवरांचे एकूण उत्सर्जन वर्षाला सुमारे ३८ लाख टन भरले. जगातले मिथेनचे वार्षिक उत्सर्जन साठ कोटी टनांच्या आसपास आहे, हे शेजारी ठेवून पाहावे.

वायूच्या प्राचीनतेबद्दल. त्याच अभ्यासात जोरदार बुडबुड्यांतल्या मिथेनचे कार्बन-१४ पद्धतीने (काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून) काढलेले वय ३५,००० ते ४३,००० वर्षे निघाले, आणि फिरत्या मजकुरात हाच आकडा सरसकट वापरला जातो. ते वय मुख्यतः सरोवराच्या खचत्या काठाचे आहे, जिथे माती नुकतीच ढासळून पाण्यात पडलेली असते आणि काठावरची झाडे कलंडलेली असतात. उत्तर अलास्कातल्या वेगवेगळ्या प्रकारच्या सरोवरांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिथल्या उत्सर्जनात अलीकडच्या कार्बनचे प्राबल्य दिसले. हा कार्बन गेल्या काही वर्षांत किंवा शतकांत वनस्पतींनी हवेतूनच घेतलेला असतो. तो मिथेन होऊन परतला, तर तापमान वाढवतोच; पण हजारो वर्षे चक्राबाहेर राहिलेल्या कार्बनची त्यात भर पडत नाही. या दोहोंचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

सरोवरे वाढतच जाणार, हा दावा तर उपग्रहांच्या छायाचित्रांनीच खोडला आहे. सायबेरियाच्या पाच लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशाची १९७३ आणि १९९७-९८ मधील छायाचित्रे ताडून पाहिली असता, चाळीस हेक्टरांहून मोठ्या सरोवरांची संख्या १०,८८२ वरून ९,७१२ वर आल्याचे दिसले. पर्माफ्रॉस्ट सलग आहे तिथे सरोवरांचे क्षेत्र १२ टक्क्यांनी वाढले होते. तो तुटक आहे तिथे मात्र, गोठलेला तळ आरपार वितळला की पाणी खाली झिरपून जाते. रिकाम्या झालेल्या खोऱ्यात गवत आणि शेवाळ वाढते, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) साचते आणि जमीन पुन्हा गोठू शकते. येडोमा प्रदेशातली अशी सरोवरे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी, एकत्रित हिशेबात, कार्बन सोडणाऱ्यांऐवजी शोषणारी ठरली, असे २०१४ च्या एका अभ्यासाने दाखवले. अर्थात हे स्थित्यंतर व्हायला हजारो वर्षे लागली, त्यामुळे या शतकापुरता त्यातून दिलासा शोधू नये.

राहिला तो निष्कर्ष, की आता काही करण्यात अर्थ नाही. मागच्या हिमयुगाच्या अखेरीस पृथ्वी तापली, त्या काळातली हवा अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या बर्फात बंदिस्त आहे. तिच्यातल्या मिथेनच्या कार्बन-१४ मापनातून, जुन्या कार्बनपासून आलेल्या मिथेनचा वाटा तेव्हा अल्पच होता, असे २०२० मध्ये दिसून आले. २०२१ च्या आयपीसीसी (हवामानबदलावरील आंतरसरकारी समिती) अहवालात पर्माफ्रॉस्टमधून २१०० पर्यंत कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडणाऱ्या कार्बनचा अंदाज तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे १८ अब्ज टन असा दिला आहे आणि त्याची मर्यादा ३ ते ४१ अब्ज टन इतकी रुंद आहे. जीवाश्म इंधने जाळून आपण साधारण दहा अब्ज टन कार्बन दरवर्षी सोडतो. अंदाज प्रत्येक अंशामागे आहे, म्हणजे पर्माफ्रॉस्ट किती सोडणार हे बऱ्याच अंशी आपण तापमान किती वाढवतो यावर अवलंबून आहे. टाळलेला अर्धा अंशदेखील या हिशेबात अब्जावधी टनांचा आहे. सरोवरांखालच्या आकस्मिक वितळण्याचा समावेश बहुतेक जागतिक प्रारूपांत अद्याप झालेला नाही, आणि तो केल्यास गोठलेल्या जुन्या कार्बनचे या शतकातले उत्सर्जन, केवळ हळूहळू वितळण्याच्या तुलनेत, सुमारे १२५ ते १९० टक्क्यांनी अधिक भरेल, असा एक अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला आहे.